धूर आणि मनुका

पौषाच्या सुमारास ज्वारीचा दाणा दूध आणि चीक या दोन्ही अवस्था मागे टाकतो, पण अजून कडक झालेला नसतो. बांधालगत हातभर खड्डा घेतात, त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, ज्वाळ बसू देतात आणि धुमसत्या निखाऱ्यांत कणसे खुपसतात. ही आगटी. ओल्या, कोवळ्या दाण्याला इथे जाळ नको असतो, कारण जाळाने तो वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. त्याला हवी मंद धग, आणि त्या धगीबरोबर धूर येतोच. कणीस बाहेर काढून तळहातांवर चोळले, फुंकरीने तूस उडवले, की हिरवा हुरडा हाती येतो. गोडी जिभेला कळण्याआधी गोवरीचा धूर नाकाला कळतो. हात दोनदा धुतले तरी संध्याकाळपर्यंत बोटांना तो वास राहतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावपासून सात हजार किलोमीटरहून अधिक दूर, स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आइला बेटावर हीच क्रिया जवावर करतात. जव भिजवून मोड आणायचे, ते ओले असतानाच जाळीच्या जमिनीवर पसरायचे आणि खाली पीट धुमसत ठेवायचे. तिथेही जाळ नको असतो आणि दाणा ओला हवा असतो, कारण धूर ओल्या टरफलालाच चिकटतो. या साम्यावर हे प्रकरण उभे आहे. धुरकट आणि शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीची पारख करण्यासाठी ज्या आठवणी लागतात, त्यांतल्या बहुतेक नांदगावच्या माणसाच्या नाकात आधीपासून आहेत. ही पारख त्याने उसन्या शब्दांत केली तर ती कच्ची राहते. स्वतःच्या शब्दांत केली तर अधिक नेमकी होते.

आधी धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले, पाण्यामुळे हवा न मिळाल्याने पुरते न कुजलेले शेवाळ, गवत आणि झुडपे. कोळसा होण्याच्या वाटेवरची ही पहिली पायरी. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने तो थर वाढतो. विटांसारखे तुकडे कापून, वाळवून जाळतात. त्याच्या धुरात फिनॉल गटातली द्रव्ये असतात, आणि बाटल्यांच्या जाहिरातींत ‘पीपीएम’ म्हणून जो आकडा मिरवला जातो तो याच द्रव्यांचा. दहा लाख भागांत किती भाग, असा त्याचा अर्थ. आर्डबेग या व्हिस्कीसाठी ५५ च्या आसपास, लॅगावुलिनसाठी ३५ च्या आसपास, आणि ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीत तर तो ३०९ पर्यंत गेला होता. हा आकडा पाहून व्हिस्की किती धुरकट असेल ते ठरवणारे पुष्कळ आहेत आणि ते फसतात, कारण हा आकडा वाळवलेल्या जवाचा आहे, पेल्यातल्या व्हिस्कीचा नाही. जव दळताना, आंबवताना, ऊर्ध्वपातन करताना त्यातला मोठा भाग मागे राहतो. उरलेला किती पुढे येणार हे धार कुठे तोडली यावर ठरते. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम असे समजतात. व्हिस्कीच्या भट्टीवर मात्र पहिली धार बाजूला काढतात, मधली ठेवतात आणि शेवटची पुन्हा पुढच्या घाण्यात घालतात. धुराची जड द्रव्ये उशिरा, मधल्या धारेच्या शेपटाकडे येऊ लागतात. तिथे भट्टीवाल्याने धार लवकर तोडली तर धूर हलका होतो, आणखी थोडे थांबला तर गडद होतो. याचा पुरावा आइलावरच आहे. लॅगावुलिन आणि कल ईला या दोन भट्ट्यांचे जव पोर्ट एलन इथल्या एकाच कारखान्यातून, जवळजवळ सारख्याच प्रमाणात धुपवून येतात. तरी लॅगावुलिन दाट, तेलकट, शेकोटीच्या राखेसारखी लागते, आणि कल ईला सडसडीत, लिंबाच्या सालीसारखी. फरक तांब्याच्या भांड्यांचा आकार, ती किती भरतात, वाफेला तांब्याचा सहवास किती मिळतो आणि धार कुठे तोडतात यांतला आहे. तेव्हा आकडा बाजूला ठेवून नाकाकडे वळावे लागते.

आणि नाकाला पहिला प्रश्न हा विचारावा लागतो, की धूर कसला? इंग्रजी वर्णनांत ‘धुरकट’ हा एक शब्द बहुतेक वेळा पुरतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून गॅस आणि वीज आहे त्यांना धूर एकच असतो. नांदगाव हा नाशिक जिल्ह्याचा पूर्वेकडचा टोकाचा तालुका; पलीकडे चाळीसगाव आणि खानदेश सुरू होतो. इथे भरताची वांगी पऱ्हाटीवर भाजलेली हवीत, असा आग्रह धरणारी माणसे आहेत, आणि पऱ्हाटीचा धूर व गोवरीचा धूर यांतला फरक त्यांना डोळे झाकून कळतो. हा फरक रसायनशास्त्रातही खरा आहे. लाकडातल्या लिग्निन या द्रव्याचे ज्वलन होताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. भरताचा गोडसर, खमंग धूर तो हाच. शेणाच्या वासात मात्र क्रेसॉल हे द्रव्य पुढे असते. गोठ्याला गोठ्याचा वास येतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पीटच्या धुरात ग्वायकॉलही असते आणि क्रेसॉलही, शिवाय साधे फिनॉल. कुठले किती, हे पीट कुठल्या दलदलीतला आहे आणि तो कसा जाळला यावर ठरते. ऑर्कनी बेटांवर झाडे जवळजवळ नाहीत. तिथल्या हॉबिस्टर माळावरच्या पीटमध्ये हीदर नावाच्या झुडपाचा भरणा आहे, आणि त्यावर धुपवलेली हायलँड पार्क गोड धुराकडे, म्हणजे पऱ्हाटीच्या बाजूला झुकते. लफ्रॉइग या व्हिस्कीचा धूर याच्या उलट टोकाला असतो. त्याला लोक ‘औषधी’ म्हणतात, ‘दवाखान्यासारखा’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे. जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जखमेवर वापरलेले कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल. जुना लाल कार्बोलिक साबण, काळे फिनाईल, ही सगळी त्याच घराण्यातली. नांदगावला तर याहून जवळची एक आठवण आहे. गाव मध्य रेल्वेच्या मनमाड-भुसावळ मार्गावर आहे. लाकडी स्लीपरना वाळवी लागू नये म्हणून क्रिओसोट पाजत, आणि क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले, फिनॉल आणि क्रेसॉलही असलेले तेल. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या तशा स्लीपरचा वास ज्याने घेतला आहे, त्याला लफ्रॉइगचे वर्णन वेगळे शिकवण्याची गरज नाही.

गोवरी आणि पीट यांचे नाते जोडणे ओढूनताणून वाटेल, म्हणून आणखी एक दाखला. आइसलँडमध्ये लाकूड दुर्मीळ, म्हणून तिथे मांस आणि मासे धुपवायला मेंढीच्या वाळलेल्या लेंड्यांचा धूर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिथल्या ‘फ्लोकी’ या व्हिस्कीची एक आवृत्ती त्याच धुरावर वाळवलेल्या जवापासून होते आणि बाटलीवर तसे स्पष्ट छापतात. शेण आणि पीट दोन्ही अर्धवट विघटन झालेल्या वनस्पतीच आहेत. एकाचे काम गुराच्या पोटात झाले, दुसऱ्याचे दलदलीत. नाशिक जिल्ह्यातच, दिंडोरीला, पेर्नो रिकार्ड कंपनी सिंगल माल्ट बनवते. २०२२ मध्ये बाजारात आलेली ‘लाँजिट्यूड ७७’ तिथली. या जिल्ह्यातल्या एखाद्या भट्टीने कधीतरी थोडे जव गोवरीच्या आगटीवर धुपवून पाहावेत असे फार वाटते. तशी व्हिस्की चांगली होईलच असे नाही, पण तिचा धूर तरी इथला असेल.

आता मनुका. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेला, हेरेस शहराच्या परिसरात होणारी, स्पिरिट मिसळून तीव्र केलेली वाइन. ती पूर्वी पिंपांतून ब्रिटनला जाई, पिंपे तिथेच रिकामी पडत, आणि काटकसरी स्कॉट त्यांत व्हिस्की भरत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम झाला आणि ही वाट बंद झाली. तेव्हापासून बहुतेक ‘शेरी पिंपे’ मागणीनुसार बनतात: नव्या ओकच्या पिंपात वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवायची, मग काढून घ्यायची आणि पिंप स्कॉटलंडला पाठवायचे. ती शेरी पिण्यासाठी विकली जात नाही. पिंप मुरवणे एवढेच तिचे काम. म्हणून ‘शेरीची चव’ म्हणून जे आपण ओळखतो त्यातला मोठा वाटा लाकडाचा असतो. युरोपियन ओक अधिक तुरट; त्यातून लवंगेतले युजेनॉल येते, आणि ते लवंगेतले आहे हे कुणालाही स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडून पडताळता येईल. अमेरिकन ओकमध्ये व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा वास देणारी द्रव्ये जास्त असतात. बाटलीवर ‘शेरी’ लिहिले की यांतले नेमके काय मिळणार ते कळत नाही, आणि तेवढ्यावर जादा किंमत मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

शेरीचा प्रकारही पाहावा लागतो. ओलोरोसो ही पालोमिनो द्राक्षांची, मुद्दाम हवेशी संबंध येऊ दिलेली, गोड नसलेली शेरी. तिचे पिंप अक्रोडाच्या पातळ कडसर सालीची, सुकलेल्या खारकेची, थोडी आमसुलाची आठवण देते. पेद्रो हिमेनेस मात्र द्राक्षे उन्हात चटयांवर सुकवून करतात; ती काकवीइतकी दाट आणि काळी असते. इंग्रजी वर्णने या दोन्हींसाठी ‘मनुका’ म्हणून मोकळी होतात. महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही, कारण इथे बेदाणा आणि काळी मनुका या दोन वेगळ्या चवी आहेत, आणि त्या वेगळ्या का झाल्या हेही द्राक्षवाल्याला ठाऊक असते. तासगाव असो की पिंपळगाव बसवंत, बेदाण्यासाठी द्राक्षे द्रावणात बुडवून शेडच्या सावलीत, जाळ्यांवर झटपट वाळवतात. उन्हाने काळी पडू नयेत हाच तिथला सगळा खटाटोप. म्हणून बेदाणा आंबटगोड आणि हिरवट-सोनेरी राहतो. काळी मनुका जास्त काळवंडलेली, तिच्या गोडीत करपट साखरेची छटा असते. पेद्रो हिमेनेसचे पिंप काळ्या मनुकेकडे जाते. बेदाण्याची आठवण आली तर ती बहुधा शेरीची नव्हे, दुसऱ्या एखाद्या वाइनच्या पिंपाची असते. ‘मनुका’ एवढेच लिहून थांबणाऱ्याला हा भेद दिसतच नाही.

शेरी पिंपात एक दोषही येतो आणि तो ओळखण्यात नाशिककर मागे पडणार नाहीत. रिकामे पिंप बुरशीने खराब होऊ नये म्हणून त्यात गंधकाची वात जाळण्याची जुनी पद्धत आहे. ते गंधक लाकडात राहिले की व्हिस्कीत उतरते. काही जणांना ते काडी ओढल्यासारखे लागते, काहींना उकडलेल्या अंड्यासारखे. मराठीत त्याला एक अचूक शब्द आहे: पादेलोण. चाटमधल्या काळ्या मिठाचा जो वास, तोच हा, आणि दोन्हींचे कारणही गंधकाची संयुगे हेच. भुरीसाठी बागेत गंधक धुरळणाऱ्याच्या कपड्यांनाही त्याचाच एक भाऊबंद चिकटतो. पादेलोण चिमूटभर असेल तर पन्ह्याला उठाव देते आणि जास्त झाले तर पन्हे फेकून द्यावे लागते, व्हिस्कीतही तसेच. पण एक सावधगिरी हवी. धुरकट व्हिस्कीत पीटचा धूर आणि गंधकाचा धूर एकमेकांत मिसळतात, आणि पिंपाचा दोष धुराच्या आडोशाला लपतो. म्हणून शेरी आणि पीट एकत्र असलेली बाटली पारखणे हे या विषयातले सर्वांत अवघड काम आहे.

धूर आणि शेरी एकत्र येतात तेव्हा नेमके काय होते? धूर जवातून, ऊर्ध्वपातनाच्या आधीच आलेला. शेरी आणि ओक नंतर, वर्षानुवर्षे. पिंपात धुराची द्रव्ये हळूहळू मवाळ होतात आणि लाकडाची वाढत जातात. म्हणजे हे एकमेकांविरुद्ध चाललेले दोन काळ आहेत. पिंप फार जोरकस असेल तर पीट बुडतो आणि नुसती गोड राख उरते. पीट फार असेल तर पेद्रो हिमेनेस वाया जाते. जमून आले तर ते गुऱ्हाळ असते. चिपाडाचा धूर, काहिलीत उकळणारा रस, कडेला जमून करपू लागलेली काकवी: धूर आणि काळी साखर एकाच श्वासात. ही तुलना केवळ शोभेची नाही. पिंप आतून भाजताना लाकडातल्या हेमिसेल्युलोजपासून जी फरफ्युरल गटातली द्रव्ये होतात, तीच साखर तापवतानाही होतात. लॅगावुलिनची नेहमीची १६ वर्षांची आणि तिचीच पेद्रो हिमेनेस पिंपात शेवटचा मुक्काम केलेली ‘डिस्टिलर्स एडिशन’ शेजारी ठेवली, की गुऱ्हाळाचा वाटा कुठून सुरू होतो ते दिसते. किलकोमनची ‘माकिर बे’ आणि पूर्ण ओलोरोसो पिंपातली ‘लॉक गॉर्म’ ही अशीच जोडी. मात्र या महाग बाटल्या आहेत आणि शिकण्यासाठी त्यांची गरज नाही. गोव्यात कुंकळ्ळीला होणाऱ्या पॉल जॉनची ‘ब्रिलियन्स’ आणि ‘बोल्ड’ ही जोडी त्याहून चांगली शिक्षक आहे. दोन्ही भारतीय जवाच्या, दोन्ही बर्बन पिंपातल्या, दोन्ही ४६ टक्के. एकीत पीट नाही, दुसरीत स्कॉटलंडहून आणलेला आइलाचा पीट आहे. दोन पेल्यांत फरक एकाच गोष्टीचा असला की जो वास वेगळा जाणवतो तो त्या गोष्टीचाच, एवढे खात्रीने म्हणता येते. ‘धुराची सगळ्यात चांगली कोणती’ असे विचारत पाच भट्ट्यांच्या पाच बाटल्या एका रांगेत मांडल्या, तर पीट, भांडी, पिंप, वय आणि तीव्रता असे सगळेच बदललेले असते आणि हाती मत येते, माहिती येत नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा. चवीला प्रमाण शब्दसंग्रह आधीच आहे, प्रत्येक गावाने आपापले शब्द आणले तर संवाद कसा व्हायचा? १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या पेंटलँड्स संशोधन संस्थेने व्हिस्कीचे चवचक्र तयार केले. मधोमध ढोबळ गट, बाहेरच्या कड्यांत बारीक शब्द. भट्टीवरच्या कामगारांनी एकाच दोषाला एकच नाव द्यावे यासाठी ते होते आणि त्या कामासाठी ते उत्तम आहे. पण असे चक्र चालते ते प्रत्येक शब्दामागे एक प्रत्यक्ष नमुना असल्यामुळे. प्रशिक्षणात त्या द्रव्याची बाटली हुंगायला देतात आणि मग शब्द शिकवतात. तो नमुना नसेल तर शब्द पोकळ राहतो. नाताळचा केक, हीदरचा मध, काठावर वाळत पडलेले समुद्री शेवाळ या गोष्टी ज्याने कधी हुंगल्या नाहीत त्याने ते शब्द वापरले, तर तो बाटलीचे वर्णन करत नसून वाचलेल्या वर्णनाची नक्कल करत असतो. उलट पादेलोण, काळी मनुका, गोवरीची आगटी, तापलेला स्लीपर यांमागे त्याच्यापाशी प्रत्यक्ष नमुना आहे. आधी आपला शब्द लिहावा. चक्रातले त्याचे घर नंतर शोधता येते. आगटी म्हणणारा आणि ‘फार्मयार्ड’ म्हणणारा यांचे एकमत होण्यात अडचण नाही, कारण दोघांच्या नाकात क्रेसॉल सारखेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हा सगळा मनाचा खेळ नाही कशावरून? या शंकेला आधार आहे. फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोर्दो इथे ५४ विद्यार्थ्यांवर केलेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वज्ञात आहे. पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घालून दिला, तेव्हा वाइनचे शिक्षण घेणाऱ्या त्या मुलांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला शब्द पुरवले. व्हिस्कीत हा धोका दुप्पट आहे, कारण गडद तांबूस रंग दिसला की आपण शेरी शोधू लागतो. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवणे आणि किमान ४० टक्के तीव्रता सक्तीची आहे, पण रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्याची मुभाही आहे. तेव्हा रंग हा पुरावा धरताच येत नाही. पण मन फसते म्हणून चव खोटी ठरत नाही. मन फसणार नाही अशी मांडणी करावी लागते. त्याची रीत सोपी आहे. तीन पेले घ्यायचे, दोन पेल्यांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. पेले बाहेरून कागदाने झाकायचे, ओतणाऱ्याने खोलीबाहेर जायचे, आणि चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून हे पुन्हा पुन्हा करायचे. दहापैकी आठ वेळा बरोबर आले, तर फरक पेल्यात आहे. मग त्या फरकाला पादेलोण म्हणा की आणखी काही, तो शब्द हवेत लटकत नाही.

तिसरा आक्षेप उष्ण प्रदेशाविरुद्ध आहे: गोव्याची पाच-सहा वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडच्या बारा-सोळा वर्षांच्या व्हिस्कीशेजारी ठेवायची तरी कशी? वर्षे हे जर पिकण्याचे माप असते तर आक्षेप बरोबर ठरला असता. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, गोव्यात सुमारे ८ टक्के, बंगळूरूला अमृत या भट्टीच्या गोदामांत त्याहूनही अधिक. हिशेब करून पाहावा. २५० लिटरच्या पिंपात दहा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये २०४ लिटरच्या आसपास उरते, गोव्यात फक्त १०९. अमृतने आठ वर्षे ठेवलेल्या ‘ग्रीडी एंजल्स’च्या पिंपांतून तीन चतुर्थांशाच्या आसपास द्रव उडून गेला होता. एवढ्या उष्णतेत लाकूड आपला रस फार लवकर सोडते, म्हणून इथे पाच वर्षांतच लवंग, तुरटपणा आणि काळी साखर भरपूर येतात. पण आक्षेपात एक खरा मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा. पिंप लवकर काम करते तसा काळ करत नाही. धुराची धार मवाळ होणे, कच्च्या स्पिरिटचा भपका जिरणे याला वर्षेच लागतात, आणि गोव्यात तेवढी वर्षे थांबले तर पिंपात पिण्याजोगे फारसे उरत नाही. म्हणून भारतीय धुरकट सिंगल माल्टमध्ये धूर आणि लाकूड दोन्ही तरुण, ठसठशीत, शेजारी शेजारी उभे असतात. स्कॉटलंडच्या जुन्या बाटलीत ते एकमेकांत विरघळलेले असतात. ही उणीव नव्हे, वेगळी रचना आहे. ठेच्यातली मिरची आणि मुरलेल्या लोणच्यातली मिरची यांची तुलना तिखटाच्या मापाने करत नाहीत. मात्र आपल्या बाटलीला स्कॉचच्या वयाचे कौतुक चिकटवणेही तितकेच चूक. वयाची बढाई न मारता धूर कसला आणि पिंप कुठले एवढे सांगणारी बाटली अधिक विश्वासाची.

राहिला पिण्याचा प्रश्न. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि परवाना लागतो. दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. दारूने घरे बसलेली या भागाने पाहिली आहेत. त्यापुढे पीट आणि पिंपाची चर्चा कुणाला निष्ठुर वाटली तर ती तक्रार गैर म्हणता येणार नाही. तिचे उत्तर एवढेच, की वर सांगितलेले जवळजवळ सगळे काम नाकाचे आहे. एका पेल्यात दहा-पंधरा मिलिलिटर पुरते, चाखून थुंकता येते, आणि व्यावसायिक चाखणारे तसेच करतात. पाणी घालण्याची लाजही सोडावी. स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडलेल्या गणितात दिसले, की तीव्रता ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागापाशी असतात आणि ५९ टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलने वेढले जाऊन आत ओढले जातात. म्हणजे जे द्रव्य पऱ्हाटीच्या धुरात आहे, ते चार थेंब पाण्याने नाकाच्या जवळ येते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते पाणी नको. माठातले, रात्रभर उघडे राहिलेले चालते. चाखण्याआधी जर्दा, बडीशेप, कांदा टाळावा. क्रम हलक्या धुराकडून गडद धुराकडे असावा, कारण लफ्रॉइगनंतर नाकाला काही काळ दुसरे काही कळत नाही.

आणि पेला रात्रीच धुऊ नये. अल्कोहोल आणि हलकी द्रव्ये तासाभरात उडून जातात, धुराची जड द्रव्ये काचेला चिकटून राहतात. सकाळी पेला कोरडा दिसतो, तळाला क्वचित पिवळसर कडे असते. शेरीच्या पिंपातली असेल तर त्यात नाक घातले की आधी काकवीच्या कढईच्या कडेसारखा वास येतो, मग लवंग. पीटचा पेला निराळा. त्यात विझलेल्या आगटीची थंड राख असते, आणि तिच्या तळाशी, हुरडा चोळलेल्या तळहाताला येतो तसा, कोवळ्या धान्याचा वास.